कलन नको, म्हणून गणितही नको?

पत्र: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. मी घरगुती मसाले करून विकते आणि आमच्या गल्लीतल्या बारा जणींची भिशी सांभाळते. मुलगी यंदा राज्य मंडळाची दहावी उत्तीर्ण झाली. गणितात तिला शंभरपैकी ६४ गुण आहेत. पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी ३१ आणि भूमितीत ४० पैकी १४ मिळाले होते. तिने वाणिज्य शाखा घ्यायचे ठरवले आहे, पुढे कायदा किंवा बँक असे तिच्या मनात आहे. आता गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांपैकी एक विषय निवडायचा आहे. तिचे वडील म्हणतात, गणित सोडले तर सगळ्या वाटा बंद होतील. ती म्हणते, मला कॅल्क्युलस कधीच लागणार नाही, मग दोन वर्षे त्याच्यामागे का घालवू? मला दोघांचेही पटते. गणित घ्यावे का? आणि नाही घेतले, तर पंधराव्या वर्षीच तिचे गणित संपेल त्याचे काय करावे? आमच्या घरात कोणाला गणित येत नाही. — एक आई, सिडको, नाशिक

उत्तर:

ताई, आपल्या मुलीच्या वाक्यात दोन वेगळी विधाने आहेत आणि ती एकमेकांना चिकटून आल्यामुळे घरात वाद झाला आहे. कॅल्क्युलस, म्हणजे मराठीत ज्याला आपण कलन म्हणतो, ते आपल्याला लागणार नाही, हे तिचे पहिले विधान. आणि म्हणून गणित नको, हे दुसरे. पहिले विधान बहुधा खरे आहे. कायदा, बँक, सरकारी सेवा, व्यापार यांत आयुष्य काढणाऱ्या माणसाला कागदावर डिफरन्सिएशन (बदलाचा वेग काढणे) किंवा इंटिग्रेशन (बदलांवरून एकूण काढणे) करण्याची वेळ क्वचितच येते, आणि हे मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे तेच शिकवल्यानंतर लिहीत आहे. दुसरे विधान मात्र पहिल्यातून निघत नाही. तिला तसे वाटले यात तिचा दोष नाही, कारण आपण शाळा-कॉलेजात गणिताची मांडणीच अशी केली आहे की नववीपासूनचा प्रत्येक धडा बारावीच्या कलनाकडे नेणारा वाटावा, आणि ज्याला तिथे जायचे नाही त्याला आपण चुकीच्या गाडीत बसलो आहोत असे वाटावे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या मंडळात नववी-दहावीला सामान्य गणिताचा पर्याय होता, तो आता राहिलेला नाही. केंद्रीय मंडळाने दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन स्तर केले आणि अकरावी-बारावीला उपयोजित गणित हा स्वतंत्र विषय आणला. आपल्याकडे कलनाकडे न जाणाऱ्या मुलामुलींसाठी जे आहे ते वाणिज्य शाखेच्या गणितातच शोधावे लागते, आणि ते तिथे आहे, हे फार थोड्या पालकांना कोणी सांगते. म्हणून विषयाच्या नावावरून निर्णय करण्यापूर्वी पुस्तक उघडून पाहू.

बारावी वाणिज्यच्या गणिताचे दोन भाग आहेत. सध्याच्या पहिल्या भागात आठ प्रकरणे आहेत आणि त्यांतली सहा कलनाची आहेत. उरलेल्या दोनांत तर्कशास्त्र आणि मॅट्रिक्स. आपल्या मुलीने कोणाकडून ऐकले असेल ते याच भागाबद्दल. दुसऱ्या भागात कलन जवळजवळ नाहीच. त्यात कमिशन, दलाली आणि सूट आहे. विमा आणि वार्षिकी, म्हणजे ठरावीक काळाने भरायचे किंवा मिळायचे समान हप्ते, आहेत. निर्देशांक आहेत, ज्यांच्यावरून महागाई मोजली जाते. दोन गोष्टींमधला संबंध रेषेने मांडण्याची रीत आहे, काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास आहे, मर्यादित साधनांत जास्तीत जास्त नफा कसा काढावा याचे रेखीय प्रायोजन आहे, कोणते काम कोणाला द्यावे आणि कोणत्या क्रमाने करावे याची गणिते आहेत, आणि शेवटी संभाव्यता आहे. अकरावीतही पहिल्या भागाच्या अखेरीस लिमिटपासून डिफरन्सिएशनपर्यंतची ओळख आहे, पण दुसरा भाग विचलन, सहसंबंध, संभाव्यता आणि व्यापारी गणित यांनी भरलेला आहे. बँकेत बसणाऱ्या किंवा उद्या न्यायालयात नुकसानभरपाईचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला यापेक्षा जवळचे गणित मला दाखवता येणार नाही.

पूर्वपरीक्षेचे दोन्ही गुण आपण वेगवेगळे लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण ६४ या एका आकड्यावरून मला काहीच सांगता आले नसते. बीजगणितात ३१ मिळवणाऱ्या मुलीचे गणित कच्चे आहे असे कोणी म्हणू नये. दहावीच्या बीजगणितातच अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे आहेत, आणि वाणिज्यचे गणित पुढे नेते ते याच प्रकरणांना. तिला जड गेली ती भूमिती: प्रमेयांच्या सिद्धता, रचना, त्रिकोणमिती. वाणिज्यच्या पुस्तकांत प्रमेये आणि रचना नाहीत, त्रिकोणमितीही नाही; अकरावीत सरळ रेषेचे एक प्रकरण येते, तेही समीकरणांच्या अंगाने. म्हणजे ज्या भागाने तिला छळले तो मागे राहतो आणि जो तिला जमला तो पुढे जातो. ही गोष्ट तिला कोणीतरी सांगायला हवी होती.

आता मी गणिताचा एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी गंगापूर रोडच्या घरी आला होता. विज्ञान शाखेचा, बारावीच्या गणितात उत्तम गुण, अवघडातले अवघड इंटिग्रल सोडवणारा. दुचाकी घ्यायची म्हणून त्याने ६०,००० रुपयांच्या कर्जाचे दोन कागद आणले होते. एकावर दर होता वर्षाला १० टक्के, फ्लॅट, दोन वर्षांसाठी, महिन्याचा हप्ता ३,००० रुपये. दुसऱ्यावर दर होता १४ टक्के, घटत्या शिल्लकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, तेवढ्याच मुदतीसाठी. तो म्हणाला, सर, दहाचेच घ्यायचे ना, फक्त एकदा बघून द्या.

मी त्याला वही दिली आणि पाच रकाने आखायला सांगितले: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, त्या महिन्याचे व्याज, हप्ता, हप्त्यातून फिटलेले मुद्दल, उरलेली शिल्लक. पहिल्या कर्जाचा खरा दर अंदाजाने महिना दीड टक्का धरू, असे ठरवले. पहिली ओळ: शिल्लक ६०,०००, व्याज ९००, हप्ता ३,०००, म्हणजे मुद्दल फिटले २,१००, उरले ५७,९००. दुसरी ओळ: व्याज ८६८ रुपये ५० पैसे, मुद्दल फिटले २,१३१ रुपये ५० पैसे, उरले ५५,७६८ रुपये ५० पैसे. तिसऱ्या ओळीपाशी तो थांबला आणि म्हणाला, मुद्दल तर दर महिन्याला कमी होत चालले आहे, पण त्यांनी दोन वर्षांचे व्याज पूर्ण साठ हजारांवर लावले आहे. नेमके हेच त्याला दिसायला हवे होते. चोविसाव्या ओळीअखेर शिल्लक शून्याच्या खाली सुमारे १३० रुपये गेली, म्हणजे दीड टक्के धरले तरी हप्त्यांतून थोडे जास्तच पैसे भरले जात होते; खरा दर दीड टक्क्याहून किंचित अधिक, वर्षाला १८ टक्क्यांच्या जरा वर. दहा टक्के म्हणून समोर ठेवलेले कर्ज अठरा टक्क्यांचे निघाले. १४ टक्क्यांच्या दुसऱ्या कर्जाचा हप्ता काढला तर तो सुमारे २,८८१ रुपये आला. “महागडे” म्हणून बाजूला सारलेल्या कागदाने त्याचे दोन वर्षांत सुमारे २,८६० रुपये वाचणार होते.

या वहीत वजाबाकी आणि टक्केवारी यांपलीकडे काही नव्हते, आणि तरीही इंटिग्रल सोडवणाऱ्या मुलाला ते आपणहून सुचले नव्हते. मला त्या दिवशी वाईट वाटले ते स्वतःविषयीही. वाणिज्यच्या वर्गाला शिकवताना मी कित्येक वर्षे पहिला भाग सावकाश, उत्तम रीतीने शिकवत असे आणि वार्षिकीचे प्रकरण जानेवारीत घाईघाईने उरकत असे, कारण मलाही कलन हेच खरे गणित वाटत होते आणि हप्त्यांचा हिशेब हलका वाटत होता. त्या वर्गांतली किती मुले नंतर असे कागद वाचून सह्या करून आली असतील, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

हलके गणित आणि भारी गणित अशी प्रतवारी नाशिककरांनी तरी करू नये. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळाशिक्षक होते, आणि त्यांनी जगाला जे दिले ते बेरीज-वजाबाकीतून दिले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा, आणि येणाऱ्या संख्येवर पुन्हा तेच करा. १९४७ घेतली तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते, आणि कोठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचतो. या स्थिरांकाला आज जगभर कापरेकरांचे नाव आहे. काही विशिष्ट संख्यांना तर त्यांनी देवळालीचेच नाव दिले होते. आपल्या मुलीला एका संध्याकाळी हे करायला द्या. तिला कंटाळा आला तर बिघडत नाही, पण “असे का होते?” असे तिने विचारले, तर ती गणित सोडू पाहत असली तरी गणिताने तिला सोडलेले नाही असे समजा.

कलनाबद्दलही एक सांगणे भाग आहे. कलनाची तंत्रे न शिकता त्याची मूळ कल्पना शिकता येते, आणि ती प्रत्येक नागरिकाला यायला हवी असे माझे मत आहे. एखादी गोष्ट किती आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढीच ती कल्पना. पावसाळ्यात आपण सगळे गोदाकाठच्या बातम्या वाचतो: धरणात अमुक दशलक्ष घनफूट साठा, नदीत तमुक क्युसेक विसर्ग. साठा हा “किती” चा आकडा आहे आणि क्युसेक हा “किती वेगाने” चा, कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, तेव्हा ३,००० क्युसेकचा विसर्ग पूर्ण दिवसभर चालू राहिला तर २५ कोटी ९२ लाख घनफूट, म्हणजे सुमारे २५९ दशलक्ष घनफूट पाणी वाहून जाते. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट धरली तर ते साडेचार टक्क्यांहून थोडे अधिक झाले. आता बातमी आली की “आवक घटली”, तर साठा कमी झाला का? नाही, आवक विसर्गापेक्षा जास्त असेपर्यंत साठा वाढतच राहतो, फक्त सावकाश वाढतो. महागाईचेही तसेच आहे. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे पुष्कळ सुशिक्षित माणसे समजतात. प्रत्यक्षात १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १०६ ची झाली आणि दुसऱ्या वर्षी ११० रुपये २४ पैशांची. दर उतरला, किंमत चढली. बारावीच्या पहिल्या भागातल्या सहा प्रकरणांमागे हीच कल्पना आहे, आणि ती अशी आधी समजली असेल तर ती प्रकरणे पूर्वीइतकी परकी वाटत नाहीत. शिवाय वाणिज्यच्या कलनात उदाहरणे खर्च, उत्पन्न, नफा आणि मागणी यांचीच येतात.

तिच्या वडिलांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, पण “सगळ्या वाटा” हे खरे नाही, आणि भीती घालून विषय घ्यायला लावू नये अशी माझी त्यांना विनंती आहे. वाणिज्य शाखा घेतल्यावर अभियांत्रिकीची वाट गणित घेऊनही उघडत नाही, कारण तिथे भौतिकशास्त्रही लागते. कायद्याला बारावीच्या गणिताची अट नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत आकडेमोडीचा एक विभाग असतो, पण तो दहावीच्या पातळीचा असतो. बँकेच्या परीक्षांत आणि पुढे एमबीएच्या प्रवेश परीक्षांतही टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते वाचणे असेच गणित येते. सीएला जायचे तर बारावीत गणित असलेच पाहिजे असे नाही, मात्र फाउंडेशन या पहिल्या परीक्षेचा एक संपूर्ण पेपर, शंभर गुणांचा, व्यवसाय गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांवर असतो, आणि ज्यांनी बारावीला गणित सोडलेले असते त्यांना तो तिथे नव्याने उभा करावा लागतो. ज्या वाटा खरोखर अरुंद होतात त्या संख्याशास्त्राच्या पदवीच्या आणि अर्थशास्त्राच्या काही नामांकित अभ्यासक्रमांच्या. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला, उदाहरणार्थ, बारावीला गणित लागते. तिच्या मनात यांपैकी काही असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर दाराची भीती हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. जीवशास्त्र घेऊन बी.फार्मसीला गेलेल्या मुलांना पहिल्याच सत्रात गणिताचा पूरक विषय असतो आणि त्यात डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन दोन्ही येतात. गणितापासून सुटलो असे समजणाऱ्या मुलांना ते असे अचानक भेटते, तेव्हा फार त्रास होतो. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने आलेली अशी मुले मला आठवतात.

तेव्हा माझा सल्ला असा: तिने गणित घ्यावे, असे मला वाटते, पण मी सांगतो किंवा वडील सांगतात म्हणून तिने ते घेऊ नये. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. बारावी वाणिज्यच्या गणिताचा दुसरा भाग तिने मोबाइलवर उतरवून घ्यावा आणि चार संध्याकाळी त्याच्यासोबत बसावे. पहिले प्रकरण कमिशन आणि दलालीचे आहे. ते दहावीच्या मुलीला कोणाच्या मदतीशिवाय वाचता येते. मग निर्देशांकांचे प्रकरण चाळावे. सगळे समजले पाहिजे अशी अट नाही. पाहायचे एवढेच की एखादे उदाहरण अडल्यावर तिला पुस्तक मिटावेसे वाटते, की मागचे पान पुन्हा उघडावेसे वाटते. चार संध्याकाळींत हे तिला स्वतःला कळेल, आणि ते कळणे तिच्या ६४ गुणांपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

त्याच आठवड्यात कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारून या. त्या कॉलेजात वाणिज्यच्या मुलांना गणिताचा वर्ग प्रत्यक्ष भरतो का आणि त्याला नेमलेले शिक्षक आहेत का. आणि विषय बदलायचा झाल्यास तो कधीपर्यंत बदलता येतो. काही ठिकाणी गणित कागदावर असते, मुले थोडी म्हणून तास होत नाहीत आणि सगळा भार क्लासवर पडतो. असे असेल तर माझे मत बदलते. शिक्षकाशिवाय पहिल्या भागातली ती सहा प्रकरणे एकटीने ओढत दोन वर्षे काढण्यापेक्षा तिने चिटणिसाची कार्यपद्धती घ्यावी. तो विषयही हलका नाही. कंपनीचा कारभार, भागभांडवल, सभासदांशी आणि ठेवीदारांशी होणारा पत्रव्यवहार हे कायद्याकडे जाणाऱ्या मुलीला उपयोगाचेच आहे. तो घेतला म्हणून कोणी तिला गणितातून पळाली असे म्हणू नये, घरात तर नाहीच.

आता आपला दुसरा प्रश्न, की गणित घेतले नाही तर काय. तेव्हा आठवड्यातून एक तास घरी ठेवावा, आणि त्या तासाला पुस्तकाऐवजी घरात आलेला कागद घ्यावा. महावितरणचे बिल घ्या: शंभर युनिटपर्यंत एक दर आणि पुढच्या टप्प्याला दुसरा. एकशे एकाव्या युनिटला सगळ्याच युनिटांचा दर वाढतो असे पुष्कळांना वाटते. तो फक्त वरच्या एका युनिटाला लागतो, हे तिने बिलातल्या आकड्यांवरून सिद्ध करून दाखवावे. लासलगावच्या कांद्याचे भाव वर्तमानपत्रात येतात ते घ्या: किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. समजा, पाच वाहनांतल्या कांद्याला क्विंटलला ९००, १,१००, १,२००, १,३०० आणि ३,००० असा भाव मिळाला. सरासरी १,५०० येते, पण पाचांतल्या चौघांना सरासरीपेक्षा कमी मिळाले आहे; मधला आकडा १,२०० आहे आणि शेतकऱ्यांची खरी स्थिती तोच जास्त नीट सांगतो. दहावीत तिने मध्य, मध्यक, बहुलक पाठ केले असतील. त्यांतले मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (मधला आकडा) वेगवेगळे का ठेवले आहेत हे या एका उदाहरणात कळते. भाव २,००० वरून ४० टक्क्यांनी पडला आणि नंतर ४० टक्क्यांनी चढला तर तो पुन्हा २,००० होतो का, हेही तिला विचारा. १,६८० होतो, का होतो ते तिने आपल्याला समजावून सांगावे, कारण दुसऱ्याला सांगताना जिथे अडखळतो तिथे आपल्यालाच नीट कळलेले नसते.

आणि घरात कोणाला गणित येत नाही, हे आपले वाक्य मला मान्य नाही, ताई. बारा जणींची भिशी सांभाळणाऱ्या बाईला गणित येत नाही असे कसे म्हणावे? ती वही घेऊनच सुरुवात करा. समजा, प्रत्येकीचे महिना १,००० रुपये आहेत, दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला १२,००० मिळतात. बाराही जणी सारखेच पैसे भरतात आणि सगळ्यांना सारखेच मिळतात, पण पहिल्या चिठ्ठीचे आणि शेवटच्या चिठ्ठीचे १२,००० सारखे नाहीत, हे आपल्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. म्हणून तर घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की पहिली चिठ्ठी मिळावी म्हणून विनंती होते. पैसे ठेवीत ठेवले असते तर महिना अर्धा टक्का सरळ व्याज मिळाले असते असे धरा. पहिलीला १२,००० अकरा महिने आधी मिळाले. महिन्याला ६० रुपयांप्रमाणे हा फरक ६६० रुपयांचा झाला. मधल्या दहा जणींचे काय, सहावीला फायदा झाला की तोटा, आणि शेवटच्या चिठ्ठीवालीला बाकीच्यांनी थोडे थोडे जास्त द्यायचे ठरवले तर प्रत्येकीने किती द्यावे म्हणजे कोणावरच अन्याय होणार नाही, हे मुलीला काढायला सांगा. बारा ओळींची एक वही लागेल. बीजगणितात ३१ गुण मिळवणाऱ्या मुलीला ते जमेल, आणि तिचे उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायला आपल्या गल्लीत अकरा जणी आहेतच.